मोसमाची पहिली चाचणी: घड्याळाशी शर्यत, रक्ताची तपासणी

पावसाळा सरला, रस्त्याकडेचा चिखल वाळला, की कळवण भागातली पोरं सायकली बाहेर काढतात. तीन-चार महिने सायकल भिंतीला टेकलेली असते. मग पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "ताई, दम किती राहिलाय?" आम्ही सांगतो, घड्याळाला विचारा.

घोळक्यात सायकल चालवताना पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो, त्यामुळे आपला खरा दम कळत नाही. टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकजण मिनिटा-मिनिटाच्या अंतराने एकटाच सुटतो. इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९५ पासून आहे. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. मुदत होती ९ दिवसांची. शर्यत तीही घड्याळाशीच.

आपल्याला १० किलोमीटर पुरेत. अभोण्याच्या रस्त्यावर पाच किलोमीटर जायचे, वळून परत यायचे. म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्ही बाजूंनी सारखे होतात. सकाळी लवकर, रहदारी वाढण्याआधी निघा. हेल्मेट घाला, ब्रेक आणि टायरची हवा तपासा. आधी १५ मिनिटे हळू चालवून अंग गरम करा. पहिला तिसरा हिस्सा हात राखून चालवा. सुरुवातीलाच जोर लावणारा परतीच्या वाटेवर हमखास ढेपाळतो. वेळ वहीत लिहा. तीन आठवड्यांनी तोच रस्ता, तीच सायकल, तीच वेळ. दुसऱ्याच्या वेळेशी तुलना नको.

वेळेशेजारी नाडी लिहा. अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटे ठेवा. थांबल्याबरोबर १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. एक मिनिटाने पुन्हा मोजा. या मिनिटात नाडी किमान १२ ठोक्यांनी उतरायला हवी. उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी जास्त असेल, तर त्या दिवशी चाचणी नको.

आमच्याकडची एक मुलगी दुसऱ्या चाचणीत पहिल्यापेक्षा दोन मिनिटे मागे पडली. पोरं हसली, "आळशी झालीस." आम्ही तिच्या पापणीच्या आत पाहिले. फिकट, पांढुरके. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.६! कांद्याच्या रोपांच्या लागवडीला जाणारी, घरात शेवटी जेवणारी ही पोर. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. सायकलने तो आधी दाखवला, एवढेच. वॉर्डात अशा पोरी आमच्यासमोर यायच्या त्या थेट बाळंतपणाच्या वेळी, रक्त चढवायची धावपळ सुरू झाल्यावर.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात तर आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडणे, कडक ऊन, बोचरी थंडी, अतिश्रम यांनी त्रास उसळतो. आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घड्याळाशी शर्यत लावू नये. जो फक्त वाहक आहे त्याने सायकल जरूर चालवावी. पण जोर हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावे, पायात गोळे आले, हाडे किंवा पोट दुखू लागले तर तिथेच उतरावे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

म्हणून आमचा नियम साधा आहे: मोसमाच्या पहिल्या चाचणीआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल, दोन्ही तपासण्या. कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात जायला अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या.

त्या मुलीने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तीन महिने नेमाने घेतल्या. घरच्यांना आम्ही एकच गोष्ट मागितली, तिचे ताट सगळ्यांबरोबर वाढा. परवा तिने तोच रस्ता पुन्हा कापला. पहिल्या वेळेपेक्षा ४० सेकंद कमी. आता वही तीच सांभाळते.