बोलायचे कसे, हेही शिकावे लागते

‘अंगात त्राण नाही’, ‘कंबर मोडून येते’, ‘जेवण जात नाही’. ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या अनेक स्त्रिया एवढीच तक्रार सांगतात. खरे दुखणे वेगळेच असते. अंगावरून पांढरे जाते, दुर्गंधी येते, खाज सुटते, संबंधाच्या वेळी वेदना होतात. पण हे सांगायचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत? पुरुषांचीही तीच गत. लघवीला जळजळ झाली की ‘उष्णता वाढली’ म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी प्यायचे, नाहीतर भिंतीवरील जाहिरात वाचून भोंदू ‘गुप्तरोगतज्ज्ञा’ला गाठायचे.

हा संकोच महागात पडतो. परमा या रोगावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर स्त्रीच्या गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. गरोदरपणी उपदंश असेल, तर मूल पोटातच दगावू शकते. खरे तर हे दोन्ही रोग औषधाने बरे होतात. मात्र पती-पत्नी दोघांनीही उपचार घेतले पाहिजेत, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला पुन्हा लागण होते.

रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, एच.आय.व्ही. चाचणी केंद्रातील समुपदेशक, कुटुंब सल्ला केंद्रातील कार्यकर्ती यांच्याजवळ माणूस मन मोकळे करू शकतो. यांतील अनेक जण समाजकार्य महाविद्यालयांतून शिकून आलेले असतात. पण बावीस वर्षांचा विद्यार्थी हाही आपल्यासारख्याच घरात वाढलेला असतो. त्याचीच जीभ अडखळली, तर समोरचा काय बोलणार?

महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यासाठी त्यांनी प्राध्यापकाची नोकरी गमावली, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांनी जे उघडपणे छापले, ते आज समोरासमोर बोलताना अजूनही अवघड जाते.

शब्दांची भीती

तयारीची सुरुवात शब्दांपासून करावी. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात पुस्तकी शब्द, दुसऱ्यात लोकांचे. ‘श्वेतप्रदर’समोर ‘अंगावरून जाणे’, ‘मासिक पाळी’समोर ‘बाहेरची होणे’ किंवा ‘कावळा शिवणे’, ‘वीर्यपतना’समोर ‘धात जाणे’. अवयवांची नावेही त्यात यावीत आणि प्रत्येकाने ती मोठ्याने वाचावीत. आधी हशा पिकतो, माना खाली जातात. पण सरावाने शब्दांची भीती जाते. ज्याला लोकांचा शब्द ठाऊक नाही, त्याला लोकांचे दुखणे कळत नाही.

त्यानंतर भूमिका करून सराव करावा. एकाने समुपदेशक व्हावे, दुसऱ्याने मदत मागायला आलेला माणूस, बाकीच्यांनी पाहावे. कपाळाला आठी पडली का? उपदेश सुरू झाला का? अविवाहित मुलगी गर्भनिरोधकाबद्दल विचारते, पुरुष पुरुषाशी असलेल्या संबंधाबद्दल सांगतो, तेव्हा विद्यार्थ्याची स्वतःची मते आड येतात का? हे वर्गातच तपासलेले बरे.

चार पायऱ्या

जॅक ॲनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली अशा संवादाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, बोलण्याची मुभा देणे. दुसरी, गरजेपुरती माहिती. तिसरी, त्या व्यक्तीपुरती नेमकी सूचना. चौथी, तज्ज्ञांकडून सखोल उपचार.

समजा, नवविवाहित तरुण म्हणतो, ‘धात जाते, अशक्तपणा आलाय.’ त्याला हसू नये. ‘अशा शंका पुष्कळांना येतात, मोकळेपणाने सांगा,’ एवढ्यानेच त्याला धीर येतो. मग सांगावे, की वीर्य शरीरात सतत तयार होत असते आणि ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. जळजळ, पू किंवा जखम असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच पाठवावे. विद्यार्थ्याचे काम मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांचे. पुढे जाताना मार्गदर्शक शिक्षकांना विचारावे. औषध तर कधीच सुचवू नये.

गुप्तता आणि तिची मर्यादा

बोलणे बंद दाराआड व्हावे. सासू किंवा नवरा सोबत असेल, तर बाईशी थोडा वेळ एकटीशी बोलावे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि एखाद्याची लागण उघड करण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. मात्र अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणालाच सांगणार नाही’ असे सरसकट वचन मुलांना देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय कळवावे लागेल, हे आधीच सांगावे. वचन मोडले, तर ते मूल पुन्हा कोणाजवळ तोंड उघडणार नाही.

वाचकांनीही एक लक्षात ठेवावे. दवाखान्यात एखाद्या तरुण कार्यकर्तीने पाळीबद्दल, संबंधाबद्दल विचारले, तर तो आगाऊपणा समजू नये. ते तिचे काम आहे. तुमचे नाव चारचौघांत न घेता, कमीपणा न आणता ती विचारत असेल, तर संकोच सोडून खरे उत्तर द्यावे. कंबरेवरच्या गोळीने न बरे होणारे दुखणे कदाचित त्या एका उत्तराने बरे होईल.