विमानाभोवतीची जाळी: आकडे कधी खरे मानायचे?

(चितेगाव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आज आपण ज्या रस्त्यालगत जमलो आहोत, तो पुढे पैठणला जातो. तिथे मागावर पैठणी विणताना आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. साडीचं अंग धोट्यानं भराभर पुढे सरकतं. पदरावरचा मोर आला, की हात मंदावतो. वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या, एकेक धागा मोजून. सगळी साडी त्याच बारकाईनं विणायची म्हटली तर ती संपायचीच नाही. सगळी भराभर विणली तर मोर उमटणार नाही. बारीक कुठे विणायचं हे ठरवणं, यातच कसब आहे. विमानाभोवतीची हवा संगणकात मांडायला जी जाळी, म्हणजे मेश, लागते तिचंही अगदी तसंच आहे.

आता पहिला प्रश्न: जाळी लागतेच कशाला? हवा कशी वाहते हे सांगणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणं एकोणिसाव्या शतकापासून आपल्याकडे आहेत. पण विमानाच्या पंखासारख्या आकारासाठी ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून आपण पंखाभोवतीची जागा लहान लहान खणांत वाटतो आणि प्रत्येक खणाचा हिशेब ठेवतो. आत हवा किती आली, बाहेर किती गेली, दाब किती, वेग किती. दुकानाच्या खातेवहीसारखंच हे. एका खणातून गेलेलं शेजारच्या खणात जमा झालंच पाहिजे. लाखो खणांचे हिशेब एकमेकांशी जुळले, की उत्तर हाती येतं. याला सीएफडी म्हणतात.

ही हिशेबाची पद्धत जगभर रुजवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सुहास पाटणकर यांचा जन्म पुण्यातला. 1962 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, 1964 मध्ये आयआयटी मुंबईतून एम.टेक., आणि 1967 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पीएच.डी. तिथेच ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी 1972 साली 'सिंपल' ही पद्धत मांडली. 1980 सालचं त्यांचं पुस्तक आजही विद्यार्थी वाचतात.

त्या पुस्तकात जाळीबद्दलचा एक इशारा आहे, तो आपल्या कामाचा आहे. समजा, दाब आणि वेग दोन्ही खणाच्या मध्यावरच नोंदवले. मग दाब एका खणात जास्त, पुढच्यात कमी, परत जास्त, असा बुद्धिबळाच्या पटासारखा आला तरी साध्या हिशेबाला तो सपाटच दिसतो! म्हणजे उत्तर चुकलेलं, आणि समीकरणं मात्र तक्रार करत नाहीत. 'सिंपल'मधला उपाय असा, की दाब खणाच्या मध्यावर ठेवायचा आणि वेग खणाच्या कडेवर. ही मांडणी हार्लो आणि वेल्च यांनी 1965 मध्ये वापरली होती. आपण लक्षात काय ठेवायचं? जाळी चुकली, तर ती चूक स्वतःहून ओरडून सांगत नाही.

आता जरा आकडे घेऊ. चिकलठाणा विमानतळावर एक विमान उतरतंय. वेग सेकंदाला 70 मीटर आणि पंखाची रुंदी 4 मीटर धरू. पंखाला अगदी चिकटलेली हवा पंखाच्या मानानं थांबलेली असते, आणि साधारण 5 सेंटीमीटर वर गेलं की ती पूर्ण वेगात असते. या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. घर्षण इथेच ठरतं, आणि हवा पंखाला धरून राहणार की सुटणार, हेही इथेच ठरतं. हवा सुटली की पंखाची उचल जाते.

हा थर नीट पकडायचा तर पंखालगतचा पहिला खण किती जाड हवा? गणित केलं तर सुमारे 7 मायक्रॉन येतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ दहावा भाग. आणि जाळीची बाहेरची हद्द? ती पंखाच्या रुंदीच्या 100 पट लांब ठेवतात, म्हणजे इथे 400 मीटर. सगळीकडे 7 मायक्रॉनचे खण केले, तर कोणताच संगणक पुरणार नाही. म्हणून प्रत्येक थर आधीच्यापेक्षा 1.2 पट जाड करत जायचं. साधारण 40 थरांत आपण 5 सेंटीमीटर पार करतो. त्यापलीकडे मोठे, मोकळे खण चालतात. पदर बारीक, अंग मोकळं!

पण पुढचा खण एकदम दहापट मोठा केला, किंवा खण फार तिरपे झाले, की हिशेबात चूक शिरते. जिथे हवा पंखापासून सुटते तिथेच जाळी विरळ असेल, तर ते सुटणं नीट दिसतच नाही. पडद्यावर रंगीत चित्र मात्र छान येतं.

यातला धोका किती खरा आहे? उदाहरण विमानाचं नाही, पण जाळीचंच आहे. 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्लाइपनर-ए या तेल-फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणी सुरू असताना समुद्रात बुडाला. माणसं वाचली. संगणकीय विश्लेषणात एका नाजूक सांध्याशी जाळी योग्य नव्हती, त्यामुळे तिथला कातरताण 47 टक्के कमी मोजला गेला होता. नंतर बारकाईनं केलेल्या विश्लेषणात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली होती. म्हणजे उत्तर मिळण्यासारखं होतं. जाळी नीट हवी होती.

मग विश्वास ठेवायचा कसा? एकाच प्रश्नाला तीन जाळ्या विणायच्या: विरळ, मध्यम, दाट. तिन्ही उत्तरं एकमेकांजवळ येत गेली, तर बोलायचं, नाहीतर थांबायचं. हे स्वस्त नाही. खण तिन्ही दिशांनी निम्मे केले की त्यांची संख्या 8 पट होते. तरी टाळता येत नाही. अमेरिकेतल्या एआयएए या संस्थेनं 2001 पासून भरवलेल्या कार्यशाळांत अनेक गट एकाच विमानाचा अवरोध मोजतात. तिथेही जाळ्या टप्प्याटप्प्यानं दाट करत नेऊन उत्तरं तपासतात. नासाच्या 2014 सालच्या अहवालानंही जाळी तयार करणं ही या कामातली मोठी अडचण मानली आहे.

इथल्या कारखान्यांत ड्रॉइंग आणि साचे हाताळणारी मुलं उद्या या कामाला बसतील. सॉफ्टवेअर बटण दाबलं की जाळी देतं. ती कुठे बारीक हवी हे मात्र आपल्यालाच सांगावं लागतं. म्हणून कोणी असं रंगीत चित्र समोर ठेवलं, तर आपण एवढंच विचारू: जाळी दाट केली, तेव्हा आकडा किती हलला?