सी भाषेचे व्याकरण : बत्तीस शब्दांची ओळख

दहावीनंतर पॉलिटेक्निकला किंवा बारावीनंतर बी.सी.ए.ला गेलेल्या आपल्या मुलामुलींना बहुधा पहिल्याच वर्षी ‘सी’ नावाची संगणकाची भाषा शिकावी लागते. मराठी माध्यमातून आलेली मुले येथे बिचकतात. फळ्यावर इंग्रजी, पुस्तकात इंग्रजी आणि संगणकाच्या पडद्यावरही इंग्रजीच. त्यात एखादे चिन्ह राहिले की पडद्यावर चुकांची रांग लागते. मग मूल घरी येऊन म्हणते, “मला हे जमणार नाही, मी लाइन बदलतो.” आईने चार घरची कामे करून आणि वडिलांनी ओव्हरटाइम करून भरलेली फी पाण्यात जाण्याची वेळ येते. मुलाचे वर्ष जाते ते वेगळेच.

म्हणून या भाषेची तोंडओळख मुलांबरोबर पालकांनीही करून घ्यावी. १९८९ साली अमेरिकेत सीचे जे प्रमाण स्वरूप ठरले, त्यात राखीव शब्द फक्त ३२ होते. पुढे त्यांत काही भर पडली, पण पहिल्या वर्षाचा अभ्यास या ३२ शब्दांतच होतो, आणि त्यांतलेही दहा-बाराच रोज लागतात. ज्या मुलाने शाळेत पाढे पाठ केले, त्याला एवढे शब्द जड नाहीत.

सी आली कोठून?

अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ही भाषा तयार केली. १९७३ मध्ये ‘युनिक्स’ ही संगणक चालविणारी प्रणाली या भाषेत नव्याने लिहिली गेली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांनी सीवर एक पुस्तक लिहिले. त्यातला पहिला प्रोग्रॅम पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढेच शब्द उमटवितो. जगभरचे विद्यार्थी आजही तेथूनच सुरुवात करतात. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ सुरू केले, तेही मुख्यतः सीमध्येच. आपल्या खिशातला अँड्रॉइड मोबाईल याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. रिची २०११ मध्ये वारले, पण त्यांची भाषा कामात आहे.

कंपायलर म्हणजे तर्जुमा करणारा

संगणकाच्या यंत्राला शून्य आणि एक यांच्या खुणांपलीकडे काही कळत नाही. आपण लिहिलेला मजकूर त्या खुणांत उतरविणारा एक प्रोग्रॅम लागतो. त्यालाच कंपायलर म्हणतात. कोर्टात साक्षीदाराचे एकेक वाक्य ऐकून लगेच सांगणारा दुभाषी असतो, आणि सगळा दस्तऐवज वाचून त्याचा पुरता तर्जुमा हातात देणाराही असतो. कंपायलर हा दुसऱ्या प्रकारचा. तो सगळा मजकूर आधी तपासतो. व्याकरणात खोट सापडली तर तर्जुमा देत नाही, कोणत्या ओळीवर अडले ते सांगतो. लिहिणाऱ्याचे आडनाव काय, तो कोणत्या वस्तीतला, त्याचे इंग्रजी कसे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चिन्हे जागच्या जागी आहेत की नाहीत, एवढेच तो पाहतो.

पहिला प्रोग्रॅम

येथे शब्द नागरीत छापले आहेत. संगणकावर ते लहान रोमन अक्षरांत लिहायचे असतात. लहान आणि मोठी अक्षरे सीला वेगवेगळी वाटतात, म्हणून ‘मेन’चे पहिले अक्षर मोठे काढले तरी प्रोग्रॅम अडतो.

पहिली ओळ : हॅशचे चिन्ह, त्याला लागून ‘इनक्लूड’ आणि टोकदार कंसात ‘एसटीडीआयओ डॉट एच’. पडद्यावर लिहिण्यासाठी लागणारी तयार माहिती येथे मागवून घेतात.

दुसरी ओळ : ‘इंट मेन’ आणि त्यापुढे साध्या कंसांची जोडी. प्रोग्रॅम चालू लागतो तो मेनपासून.

तिसरी ओळ : उघडणारा महिरपी कंस. हा गणितात संच लिहिताना वापरतात तोच. मेनची सारी कामे या कंसाच्या आत येतात.

चौथी ओळ : ‘प्रिंटएफ’, पुढे साध्या कंसात आणि दुहेरी अवतरण चिन्हांत आपला मजकूर, शेवटी अर्धविराम.

पाचवी ओळ : ‘रिटर्न ०’ आणि अर्धविराम. काम नीट संपले, असा हा निरोप.

सहावी ओळ : बंद होणारा महिरपी कंस.

मराठीत वाक्य पूर्णविरामाने संपते, तसे सीमध्ये विधान अर्धविरामाने संपते. इनक्लूडच्या ओळीला आणि मेनच्या कंसानंतर मात्र तो द्यायचा नाही. मुलांचे पहिले आठवडे याच घोळात जातात. उघडलेला प्रत्येक कंस बंद झालाच पाहिजे. त्यासाठी कंस उघडतानाच बंद करून ठेवावा आणि मग आतले लिहावे, ही सवय चांगली.

डबे आणि हिशेब

स्वयंपाकघरात तांदळाचा डबा वेगळा, तेलाचा वेगळा. सीमध्येही माहिती ठेवण्यापूर्वी डब्याचा प्रकार आणि नाव सांगावे लागते. पूर्णांकासाठी ‘इंट’, दशांश अपूर्णांकासाठी ‘फ्लोट’, एका अक्षरासाठी ‘कॅर’. नावात मोकळी जागा चालत नाही, नावाची सुरुवात अंकाने होत नाही आणि राखीव शब्द नाव म्हणून घेता येत नाही.

समजा, रोज ४५० रुपये आणि भरलेले दिवस २६. ‘रोज’ आणि ‘दिवस’ असे दोन इंट डबे घेऊन त्यांत हे आकडे ठेवले, ‘पगार’ हा तिसरा डबा घेतला आणि पगार = रोज * दिवस असे लिहिले, की त्यात ११,७०० येतात. गुणाकाराची खूण येथे तारा असते. प्रिंटएफमध्ये पूर्णांक छापायचा तर टक्क्याच्या चिन्हापुढे ‘डी’, फ्लोट छापायचा तर ‘एफ’ लिहितात.

शाळेतले ‘कंचेभागुबेव’ येथे उपयोगी पडते. कंस आधी, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. फरक एवढाच, की भागाकार आणि गुणाकार सीमध्ये एकाच मानाचे आहेत, जो डावीकडे तो आधी होतो. बेरीज-वजाबाकीचेही तसेच. दुसरी गोष्ट : सात मीटर कापड दोघींत वाटले तर प्रत्येकीला साडेतीन मीटर. पण सीमध्ये ७ भागिले २ लिहिले तर उत्तर ३ येते, कारण दोन्ही पूर्णांक आहेत आणि उरलेला अर्धा गळून जातो. ७.० भागिले २ लिहिले तर ३.५ मिळतात.

जर, नाहीतर, जोपर्यंत

‘इफ’ म्हणजे जर, ‘एल्स’ म्हणजे नाहीतर, ‘व्हाइल’ म्हणजे जोपर्यंत. तेच काम ठरावीक वेळा करायचे असेल तर ‘फॉर’. एवढ्या शब्दांवर पहिल्या वर्षाचे बरेच प्रोग्रॅम उभे राहतात.

येथे एक धोका आहे. सीमध्ये एक बरोबर-चिन्ह म्हणजे ‘डब्यात ठेव’ आणि लागून दोन बरोबर-चिन्हे म्हणजे ‘सारखे आहे का ते पाहा’. ज्याचे २६ दिवस भरले त्याला भत्ता द्या, असे लिहिताना एकच चिन्ह पडले तर प्रत्येकाच्या दिवसांच्या डब्यात २६ भरले जातात आणि सरसकट सर्वांना भत्ता मिळतो. व्याकरण शुद्ध असल्याने कंपायलर ते चालू देतो, फार तर एखादी सूचना करतो. म्हणून प्रोग्रॅम चालला यावर समाधान मानू नये. दोन-तीन उदाहरणे हाताने सोडवून उत्तर पडताळावे.

चुका वाचायला शिका

एक अर्धविराम राहिला तर दहा चुका दिसू शकतात. नेहमी पहिली चूक आधी दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावे. बाकीच्या अनेकदा आपोआप जातात. चूक पाचव्या ओळीवर दाखविली तर चौथ्या ओळीचा शेवटही पाहावा. राहिलेला अर्धविराम पुष्कळदा तेथे सापडतो.

एका वहीत या संदेशांचे मराठी अर्थ लिहून ठेवावेत. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे हे नाव आधी जाहीर केलेले नाही. ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे येथे अमुक चिन्ह हवे होते. तेच ते संदेश फिरून येतात. महिनाभर वही ठेवली तर इंग्रजीची भीती बरीच कमी होते.

पुस्तकांबाबत एक सूचना. बोरलँड कंपनीचा ‘टर्बो सी’ १९८७ मध्ये आला आणि आपल्याकडच्या कॉलेजांत फार चालला. त्यावर बेतलेल्या जुन्या पुस्तकांत ‘व्हॉइड मेन’ आणि पडदा पुसणारा ‘सीएलआरएससीआर’ आढळतो. आज फुकट मिळणाऱ्या ‘जीसीसी’ कंपायलरबरोबर हा दुसरा शब्द चालत नाही, आणि मेनपुढे ‘इंट’ लिहिणेच प्रमाण आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक इंग्रजी असले तरी सोप्या भाषेत आहे. जुने पुस्तक हाती आले तरी चालेल, मात्र हा फरक ध्यानात ठेवावा.

पालकांनी काय करावे?

महिन्याभरात नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला घाईने पैसे भरू नयेत. आधी कॉलेजची लॅब आणि ग्रंथालय पुरेपूर वापरावे. घरात संगणक नसला तरी प्रोग्रॅम कागदावर लिहिता येतो, आणि एकेका ओळीनंतर कोणत्या डब्यात काय आहे हेही कागदावरच मांडता येते. मोबाईलवर सी चालवून पाहण्याची ॲप मिळतात, पण कळफळकावर हात बसायला लॅबच बरी. वस्तीतल्या दोघा-चौघांनी मिळून एक संगणक वापरावा, आणि मुलींची पाळी चुकू देऊ नये.

रात्री जेवणे झाल्यावर मुलाला किंवा मुलीला म्हणावे, “आज काय लिहिलेस, ते आम्हांला मराठीत सांग.” आपल्याला सगळे समजले नाही तरी चालेल. सांगताना मूल जेथे अडेल, ती ओळ त्याला कळलेली नाही, एवढे त्याचे त्यालाच समजेल. दुसऱ्या दिवशी तेवढी ओळ शिक्षकांना विचारायला सांगावे.