पेट्रोल-डिझेलचा रबरी पाइप कधी बदलायचा? जुन्या गाडीवाल्यांकडून बोटवाल्यांनी घ्यायची माहिती



१ जूनला बंदी लागली, बोटी वर आल्या की आपल्यातले बरेच जण इंजिनाचं सामान आणायला घाट चढून हुबळी गाठतात. लॅमिंग्टन रोडला फेरी होतेच. (लॅमिंग्टन रोड म्हटलं की आपल्या लोकांना मुंबईचा, रेडिओ-टीव्हीच्या सामानाचा रस्ता आठवतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि हुबळीही तेव्हा त्याच इलाख्यात होती. मुंबईच्या रस्त्याला पुढे डॉ. भडकमकरांचं नाव दिलं, हुबळीत अजून लॅमिंग्टनच चालतं.) तिथे दुकानात उभं राहून आपण काय म्हणतो? "दोन मीटर पेट्रोल पाइप द्या, आठ एमएमचा." बस्स, एवढंच. कसला पाइप, कुठल्या सालचा, कशासाठी बनवलेला, हे विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे.

हे प्रश्न सगळ्यात आधी ज्यांना भोवले ते जुन्या गाड्यांचे मालक. अँबॅसिडर, फियाट, विलिज जीप घरात जपून ठेवणारी मंडळी. त्यांच्या गाडीत काय होतं ते समजलं की आपल्या बोटीत काय होतंय ते लगेच कळतं, म्हणून आधी गाडीकडे बघू.

जुन्या पेट्रोल गाडीत टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधलं बहुतेक अंतर लोखंडी नळी कापते. पण इंजिन हलतं, थरथरतं, म्हणून टोकांना वीतभर रबरी पाइप लागतो. तिथून पेट्रोल इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या पंपात आणि मग कार्बोरेटरमध्ये जातं. पंपाच्या आतही रबराचा पडदा असतो, ज्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात. म्हणजे सगळी लाइन लोखंडाची दिसली तरी जीव अडकलाय तो दोन-तीन रबरी तुकड्यांत. आता अँबॅसिडरचं पेट्रोल इंजिन डोळ्यांसमोर आणा: कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडे जाणारा तापलेला मॅनिफोल्ड एकाच बाजूला, कार्बोरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. वरचा पाइप ठिबकला तर थेंब कुठे पडणार ते सांगायला नको.

रबर म्हातारं होतं ते दोन्ही बाजूंनी. बाहेरून ऊन, उष्णता आणि हवा त्याला कडक करतात, वाकवलं की बारीक भेगा दिसतात. हे निदान डोळ्यांना दिसतं. आतून होतं ते दिसत नाही. जुने पाइप बहुतेक नायट्राइल रबराचे. साध्या पेट्रोलला ते बऱ्यापैकी टिकायचे. पण आता पंपावर मिळणारं पेट्रोल साधं राहिलेलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये देशात १० टक्के इथेनॉलचं मिश्रण झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पाइप-सील हे पेट्रोल धरून बनवले जातात. त्याआधीच्या जुन्या गाड्यांचे आणि दुकानात पडून असलेल्या जुन्या मालाचे तसे असतीलच असं नाही.

इथेनॉल जुन्या रबरात शिरतं, रबर फुगतं, मऊ पडतं. त्याला लवचिक ठेवणारा अंश हळूहळू पेट्रोलबरोबर निघून जातो. गाडी चालू असते तोवर पाइप ओला, फुगलेला, म्हणून धरून राहतो. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की तो सुकतो, आक्रसतो, क्लिपजवळ चिरतो. मग एके दिवशी चावी फिरवली की गळती सुरू. म्हणूनच शोसाठी झाकून ठेवलेल्या गाड्यांचे पाइप रोज पळणाऱ्या गाड्यांपेक्षा आधी दगा देतात.

आता आपल्याकडे या. आपली बोट बंदीत किती दिवस उभी असते? पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड मशीन असेल तर टाकीतून मशीनपर्यंत जाणारा पाइप आणि मधला पिळायचा फुगा हे दोन्ही त्याच रोगाचे रोगी. फुगा पिळून घट्ट होत नसेल, बोटांना चिकट लागत असेल किंवा त्यावर बारीक चिरा असतील, तर तो गेला समजा. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाला बसतं. टाकी लोखंडी असेल तर गंजते, तो गंज फिल्टरमध्ये येतो. बंदीआधी टाकी रिकामी करून ठेवणं यासाठी बरं.

गाडीपेक्षा बोटीत धोका मोठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. गाडीखाली सांडलेलं पेट्रोल मोकळ्या हवेत निघून जातं, बोटीत वाफेला खालून वाट नाही. ती बुडातल्या पाण्यावर, फळ्यांखाली, बॅटरीच्या बाजूला साचून राहते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते, मग ती स्टार्टरची असो, बुडातलं पाणी काढायच्या पंपाच्या स्विचची असो नाहीतर बिडीची. शिवाय पेट्रोल थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडतं, शून्याखाली ४० अंशांच्या आसपाससुद्धा. म्हणजे पहाटेचा गारवा आहे, आता काही होत नाही, हा हिशोब चुकीचा. झाकण असलेल्या पेट्रोल बोटीत आधी झाकण उघडा, वास घ्या, चार-पाच मिनिटं वारा खेळू द्या, मग चावी. वास आला तर कुठलाही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही.

ट्रॉलरवाले म्हणतील, आमचं डिझेल आहे, आम्हाला काय. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं. पण ते साधारण २१० ते २५० अंशांना ठिणगीशिवाय पेट घेतं आणि जाळी ओढताना लोडवर असलेल्या इंजिनाचा उघडा मॅनिफोल्ड त्याहून बराच तापतो. त्यावर रिटर्न लाइनमधून बारीक फवारा उडाला तर इंजिन खोलीत आग लागायला वेळ लागत नाही. रिटर्न लाइनकडे कोणी बघत नाही, सगळ्यात जुना पाइप तिथेच असतो! तांब्याची नळी असेल तर थरथरीने ती कडक होत जाते आणि नटाच्या मागेच तडकते. तिला एक वेटोळं दिलं तर हादरा त्यात जिरतो.

एक गोष्ट खलाशांना नक्की सांगा. पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीत शेकडो बारचा दाब असतो. तिथली गळती बोट फिरवून शोधायची नाही. फवारा कातडीच्या आत डिझेल घुसवतो. दिसायला सुई टोचल्यासारखं, दुखणंही सुरुवातीला कमी, आणि काही तासांत हात सुजून बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून बघा. कोणाला लागलंच तर त्याच दिवशी, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि 'दाबाने डिझेल आत गेलंय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तर दुकानात काय मागायचं? पाइपवर छापलेलं वाचा. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. पेट्रोल गाडीसाठी 'एसएई जे३० आर९' लिहिलेला पाइप इथेनॉलला चांगला टिकतो, कारण त्याच्या आतलं अस्तर वेगळ्या रबराचं असतं. बोटीच्या आत, इंजिनाजवळ घालायचा असेल तर 'आयएसओ ७८४०' बघा. तो अडीच मिनिटं ज्वाळेत धरून तपासलेल्या प्रकारचा असतो. ही अडीच मिनिटं म्हणजे टाकीचा कॉक बंद करायला मिळालेला वेळ. गाडीचा पाइप कितीही चांगला असला तरी ही हमी देत नाही. हुबळीत गाडीच्या सामानाच्या दुकानात बोटीचा पाइप लगेच मिळेल असं धरून चालू नका, नाव लिहून देऊन मागवायला सांगा. बनवल्याचं सालही बहुतेक वेळा छापलेलं असतं, तेही बघा. शेल्फवर पाच वर्षं पडलेला पाइप नवा नव्हे.

मोटरसायकलला लावतात तो पारदर्शक प्लास्टिक पाइप बोटीत नकोच. तो पिवळा पडतो, कडक होतो, उष्णतेने मऊ होऊन निसटतो. काचेच्या छोट्या फिल्टरचंही तेच, हादऱ्याने फुटतो. क्लिप घेताना पट्टीबरोबर स्क्रूही स्टेनलेसचा आहे ना ते लोहचुंबक लावून बघा. स्वस्त क्लिपचा स्क्रू लोखंडी असतो आणि खाऱ्या हवेत तोच आधी जातो. तारेने आवळलेला पाइप तर बघवत नाही.

गळणाऱ्या टाकीला साबण घासायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. समुद्रात अडकलात तर बंदरापर्यंत यायला ती चालते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात मात्र विरघळतो, हे बोटवाल्यांनी विसरू नये.

किती वर्षांनी बदलायचा? आमचं मत, खाऱ्या हवेत पेट्रोलचा रबरी पाइप तीन-चार वर्षांच्या वर ठेवू नये, बाहेरून कसाही दिसो. बसवला त्या दिवशी पाइपला चिकटपट्टी लावून महिना-साल लिहून ठेवा. काढलेला जुना पाइप उभा चिरून आतली बाजू बघा: काळं बोटाला लागतंय का, पापुद्रे सुटलेत का. तसं असेल तर फिल्टरही त्याच दिवशी बदला, कारण ते पापुद्रे तिकडेच गेलेले असणार.