जोड नसलेला धावपटू

स्टीपलचेस या शर्यतीला मराठीत नाव नाही. वर्तमानपत्रे 'अडथळ्यांची शर्यत' असे छापतात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतीच शर्यत उभी राहते: ११० मीटरची, सरळ रेषेतली, जिच्यात पाय लागला की अडथळा मुकाट्याने आडवा होतो. स्टीपलचेसमधला अडथळा आडवा होत नाही. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० किलो आणि वरची कडा पाच इंच रुंद. त्या कडेवर पाय देऊन पुढे झेपावता येते. पण पाय अडकला तर अडथळा जागचा हलत नाही, माणूस पडतो. ३००० मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि त्यांशिवाय ७ वेळा पाण्याची उडी. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे बारा फूट लांबीचा खड्डा असतो. अडथळ्यालगत सर्वांत खोल आणि पुढे चढत चढत मैदानाला मिळणारा. ज्याच्या पायांत अजून जोर आहे तो लांब झेप घेऊन उथळ पाण्यात उतरतो, दमलेला जवळच खोलात पडतो, आणि मग भिजलेल्या बुटांनी पुढची फेरी.

नाव आले आहे चर्चच्या मनोऱ्यावरून. आयर्लंडमध्ये अठराव्या शतकात दोन घोडेस्वारांनी एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली कुंपणे आणि ओढे ओलांडत शर्यत लावली, अशी कथा सांगतात. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तीच गंमत घोड्याविना केली. ऑलिम्पिकमध्ये १९२० पासून अंतर ३००० मीटर ठरले. महिलांना तिथे प्रवेश मिळायला २००८ उजाडले. या खेळाकडे यजमानांचेही किती लक्ष असे, याचा नमुना १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मिळतो. पंचांचा फेऱ्यांचा हिशेब चुकला आणि अंतिम शर्यतीत सगळे धावपटू एक फेरी जास्त धावले. अमेरिकेचा जो मॅक्लस्की ३००० मीटरला दुसरा होता. त्या फुकटच्या फेरीत तो तिसरा झाला. निकाल तसाच राहिला.

अशा खेळात जगातल्या पहिल्या काहींत यायचे स्वप्न बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने पाहिले. त्याच्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण एका गोष्टीपासून सुरुवात करतो: शाळा सहा किलोमीटर दूर होती, एसटी नव्हती, पोरगा पळत शाळेत जायचा. गोष्ट खरी आहे. आईवडील कोरडवाहू शेतीत आणि वीटभट्टीवर राबत, हेही खरे. पण ही गोष्ट काहीच उलगडून सांगत नाही, असे मला वाटते. आष्टी-पाटोद्याच्या माळावर शाळेसाठी पायपीट करणारी मुले पिढ्यान्पिढ्या होती. त्यांतून स्टीपलचेसपटू निघाले नाहीत. गरिबीला कर्तृत्वाचे कारण ठरवण्यात आपली एक सोय असते, मग बाकी कशाचा जाब विचारावा लागत नाही.

त्याला घडवणाऱ्या गोष्टी अधिक रुक्ष आहेत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, पाचव्या महार बटालियनमध्ये. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. सैन्याच्या क्रॉसकंट्री संघात तो २०१५ मध्ये आला, तेव्हा वयाची एकविशी गाठत होता. या वयात केनियातली मुले कनिष्ठ गटाची जागतिक पदके जिंकून बसलेली असतात. सैन्यदलाचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ च्या सुमारास त्याला स्टीपलचेसकडे वळवले. नियमित पगार, पोटभर जेवण, रोजचा सराव आणि पारखी नजरेचा प्रशिक्षक, या चार गोष्टी सैन्याने दिल्या. पाचवी गोष्ट सैन्याजवळ नव्हती, देशाजवळही नव्हती. या लेखाचा विषय ती पाचवी गोष्ट आहे.

कुस्तीच्या भाषेत तिला 'जोड' म्हणतात. पैलवान कितीही दांडगा असला तरी तालमीत त्याला तोडीस तोड जोड मिळाली नाही तर त्याचे डाव जागच्या जागी राहतात. कोल्हापूरच्या तालमींनी पैलवानांना खुराक दिला त्याहून अधिक ही जोड दिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्यांच्या पाठीशी असा एक गजबजलेला मुलूख उभा होता. त्याच हेलसिंकीत गुलझारा सिंग मान स्टीपलचेस धावले. त्यांच्यानंतर ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसमध्ये दुसरा भारतीय पुरुष दिसायला टोकियो उजाडावे लागले. तो साबळे.

मधल्या काळातला एक आकडा बोलका आहे. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये ८ मिनिटे ३०.८८ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो ३७ वर्षे टिकला. एखादा विक्रम इतका टिकतो तेव्हा आपण विक्रमवीराचे कौतुक करतो, आणि सैनी त्या कौतुकाला पात्रच आहेत. पण ३७ वर्षे टिकलेला विक्रम म्हणजे ३७ वर्षे ओस पडलेली तालीमही असते. महिलांत चित्र थोडे बरे होते. सुधा सिंगने २०१० च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावी आली. माण आणि आष्टी, दोन्ही दुष्काळी तालुके. यावरून सिद्धान्त मांडण्याचा मोह मी टाळतो.

सैनींचा विक्रम साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला मोडला: ८:२९.८०. तिथपासून २०२४ पर्यंत त्याने राष्ट्रीय विक्रम दहा वेळा नवा केला. या लेखासाठी मी ते दहाही आकडे ओळीने मांडून वजाबाक्या केल्या. सैनींच्या ८:३०.८८ पासून साबळेच्या ८:०९.९१ पर्यंत एकूण २०.९७ सेकंद कमी झाले. दहापैकी चार विक्रम भारतात झाले: भुवनेश्वर, पतियाळा दोनदा आणि तिरुवनंतपुरम. या चारांनी मिळून कमी केले ५.०२ सेकंद. उरलेले सहा परदेशात झाले: दोहा दोनदा, टोकियो, रबात, बर्मिंगहॅम, पॅरिस. त्यांनी कमी केले १५.९५ सेकंद. आणखी एक गोष्ट निकालपत्रके शेजारी ठेवल्यावरच दिसली. भारतातल्या चारही शर्यती त्याने जिंकल्या. परदेशातल्या सहांपैकी एकही नाही. त्याच्या प्रगतीचा तीन चतुर्थांश हिस्सा हरलेल्या शर्यतींत झाला आहे.

असे का व्हावे, याचे उत्तर शर्यतीच्या रचनेत सापडते. एकट्याने पुढे धावणाऱ्याला प्रत्येक अडथळा लांबून दिसतो. तो ढांगांचा हिशेब करतो, योग्य पायावर उडी घेतो, लय मोडत नाही. पण वारा त्यालाच अंगावर घ्यावा लागतो आणि वेगही त्यालाच ठरवावा लागतो. मागे पावलांचा आवाज नसेल तर पाचव्या फेरीला शरीर हळूच सवलत मागते आणि मनाला ती द्यावीशी वाटते. घोळक्यात उलटे घडते. वारा अडतो, वेग दुसरा कोणीतरी ओढत असतो, पण पुढच्याच्या पाठीपलीकडचा अडथळा तीन-चार ढांगांवर येईपर्यंत दिसत नाही. शेजाऱ्याचे कोपर लागते, पुढचा अचानक अडथळ्यावर पाय देऊन थबकतो. ही विद्या एकट्याने शिकता येत नाही. केनियात एकेका शिबिरात तोडीचे कित्येक जण रोज एकत्र धावतात, तिथे ती आपोआप अंगी मुरते. १९६८ च्या मेक्सिकोत एमॉस बिवॉट पाण्याच्या खड्ड्यावरून पाय न भिजवता पलीकडे उडी मारत जिंकला. तेव्हापासून २०१६ पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये उतरला, त्या प्रत्येकात हे सुवर्ण त्याचेच होते.

घोळक्याचा धडा साबळेला २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत मिळाला. प्राथमिक शर्यतीत पुढचा धावपटू अडखळल्याने त्याची वाट दोनदा अडली. तरीही त्याने ८:२५.२३ चा विक्रम केला, पण पात्रता हुकली. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली, त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तीन दिवसांनी तिथे तो तेरावा आला, ८:२१.३७ मध्ये. एका आठवड्यात साडेसात सेकंद! आपल्याकडे सैनींच्या विक्रमातून एक सेकंद खरवडायला ३७ वर्षे लागली होती.

टोकियोत ८:१८.१२ धावूनही तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. त्याच्याहून सावकाश धावलेले काही जण दुसऱ्या गटातून पुढे गेले. ही नशिबाची गोष्ट म्हणून सोडून देता येते. साबळेने ती तशी सोडली नाही. पुढे तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे सरावाला गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीचे ते गाव आहे. उंचीवरच्या विरळ हवेचा फायदा सगळे सांगतात. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की तिथे रोज बरोबर धावायला त्याच्याहून सरस माणसे होती. जून २०२२ मध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये तो पाचवा आला, ८:१२.४८.

मग ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. १९९८ ते २०१८ अशा सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती. याही वेळी तीन केनियन होते आणि त्यांतला कॉन्सेस्लस किप्रुतो रिओचा ऑलिम्पिक विजेता. त्या शर्यतीची चित्रफीत मी किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. शेवटच्या फेरीत साबळे एकेकाला मागे टाकत येतो, शेवटच्या अडथळ्यानंतर अब्राहम किबिवॉट आणि तो यांच्यात हातभर अंतर उरते आणि ते कमी होत असतानाच रेषा येते. किबिवॉट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. त्या वेगाने हे अंतर फुटाहून थोडेसेच जास्त भरते. रौप्यपदक, आणि आठ वर्षांनी मोडायच्या भाषेत बोलायचा नववा विक्रम आठवड्यांत झालेला.

इथून गोष्ट सरळ वर चढत जायला हवी होती, तशी ती गेली नाही. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत नियम बदलला होता: प्रत्येक गटातले पहिले पाचच पुढे, वेळेच्या आधारावर कोणालाही जागा नाही. साबळे सातवा आला. दीड महिन्यानंतर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुरुवातीपासून आघाडी घेतली, जवळजवळ एकट्यानेच शर्यत धावली आणि ८:१९.५० मध्ये जिंकली. पुरुषांच्या स्टीपलचेसमधले भारताचे आशियाई स्पर्धांतले ते पहिले सुवर्ण. देशभर कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण वेळ बर्मिंगहॅमहून आठ सेकंदांनी मंद होती. आशियातही त्याला जोड उरली नव्हती.

पॅरिसमध्ये त्याने दोन शर्यती गाजवल्या, आणि दोन्हींची दखल आपल्याकडे ओझरती घेतली गेली. ७ जुलै २०२४ ला डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, क्रमांक सहावा. महिन्याभराने ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी, जी या शर्यतीत कोणत्याही भारतीय पुरुषाने गाठली नव्हती. तिथे तो ८:१४.१८ मध्ये अकरावा आला. मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली ८:०६.०५ मध्ये जिंकला. कांस्य मिळाले बर्मिंगहॅमच्याच किबिवॉटला, ८:०६.४७ मध्ये. विश्वविक्रमवीर लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्यावर आपटून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेले. साबळे आणि सुवर्ण यांच्यात आठ सेकंद, म्हणजे साधारण पन्नास मीटर होते. 'अकरावा' या शब्दात हे अंतर मावत नाही. ज्या देशात दहा-बारा जण या वेळेच्या आसपास धावतात तिथे अकराव्याला पुढच्या वर्षी आठवा करता येतो. आपल्याकडे त्याला घरच्या मैदानावर धावताना मागे वळून पाहिले तरी जवळपास कोणी दिसत नाही.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी इथे त्याने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण जिंकले, ८:२०.९२ मध्ये, आणि जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. पाण्याच्या खड्ड्यात उतरताना शरीराचे सगळे वजन क्षणभर एकाच पायावर येते, एका शर्यतीत सात वेळा, आणि सरावात कितीतरी वेळा. बरा झालेला गुडघा तो भार पेलतो की नाही हे डॉक्टरांच्या कागदावर कळत नाही, खड्ड्यात उतरल्यावरच कळते. त्यासाठी त्याला पुन्हा जिथे जोड आहे तिथेच जावे लागेल, आणि त्या गावांची नावे अजून तरी परदेशातल्या नकाशावर आहेत.