पहिलें वाक्य

एका विद्यार्थ्याचें एक वाक्य आम्हीं तांबड्या शाईनें खोडलें, त्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. परंतु आमच्या मनांतून तें अद्याप खोडलें गेलेलें नाहीं. निबंधाचा विषय 'पाण्याचें महत्त्व' हा होता. वर्गांतील बहुतेक मुलांनीं आम्हीं शिकविल्याप्रमाणें आरंभ केला होता: पाणी हें जीवन आहे, अमरकोशांतहि पाण्याच्या पर्यायांत 'जीवन' हा शब्द दिलेला आहे, इत्यादि. या एका मुलानें मात्र लिहिलें होतें, "परवां आमच्या विहिरींत पोहरा सोडला, तो गाळ घेऊन वर आला." आम्हीं समासांत शेरा मारला, 'विषयास धरून आरंभ करावा.' दुसऱ्या दिवशीं त्यानें निबंध नवा लिहून आणला. तो निर्दोष होता व इतर चाळीस निबंधांसारखाच होता. त्यास गुणहि चांगले मिळाले. पुढें दोन वर्षें तो मुलगा आमच्या हाताखालीं होता. परंतु तसें वाक्य त्यानें पुन्हां लिहिलें नाहीं.

लेखाचा आरंभ कसा करावा, हा प्रश्न केवळ ग्रंथकारांचा आहे असें नाहीं. शाळेंतील निबंध, समारंभांतील चार शब्द, दूरच्या आप्तास धाडावयाचें पत्र, कचेरींत द्यावयाचा अर्ज, या सर्व ठिकाणीं लिहिणारा आरंभींच अडतो. अडला म्हणजे तो व्याख्येचा, सुभाषिताचा किंवा 'प्राचीन काळापासून' या शब्दांचा आश्रय करतो. त्यांत खोटें असें कांहीं नसतें. परंतु तीं वाक्यें कोणींहि लिहावीं आणि कोणत्याहि लेखास जोडावीं, अशीं असतात. जें वाक्य कोणाचेंहि असूं शकतें, त्यासाठीं वाचक थांबत नाहीं.

आपल्या पूर्वसूरींनीं या प्रश्नाचा बारकाईनें विचार केलेला आहे. दंडीनें 'काव्यादर्शां'त महाकाव्याच्या मुखाचे तीन प्रकार सांगितले: आशीर्वाद, नमस्कार आणि वस्तुनिर्देश, म्हणजे कथाविषयाचा सरळ उल्लेख. शास्त्रकारांची शिस्त याहून कडक. विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी कोण आणि या सर्वांचा परस्परसंबंध काय, हे चार अनुबंध ग्रंथारंभींच स्पष्ट व्हावे, असा त्यांचा दंडक आहे. पाणिनि तर अर्ध्या मात्रेचीहि काटकसर करणाऱ्या सूत्रकारांचा अग्रणी. संज्ञा सांगतांना जिला नांव द्यावयाचें ती वस्तु आधीं आणि नांव मागून, हा त्याचा सामान्य क्रम. परंतु 'अष्टाध्यायी'च्या पहिल्याच सूत्रांत त्यानें हा क्रम उलटा केला आणि 'वृद्धि' ही संज्ञा सर्वांच्या आधीं घातली. पतंजलीनें 'महाभाष्यां'त याचें कारण सांगितलें आहे: आचार्यांस आरंभीं मंगल शब्द हवा होता, म्हणजे ग्रंथाचा प्रसार होईल व अध्येत्यांचाहि उत्कर्ष होईल. एका पहिल्या शब्दासाठीं पाणिनीनें आपली रीत मोडावी, यांतच त्या स्थानाचें महत्त्व दिसून येतें.

मग कवींविषयीं काय सांगावें? कालिदासाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पत्नीनें त्यास एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नांतील शब्द घेऊन त्यानें 'अस्ति' या शब्दानें 'कुमारसंभवा'स, 'कश्चित्' या शब्दानें 'मेघदूता'स आणि 'वाक्' या शब्दानें 'रघुवंशा'स आरंभ केला, असें म्हणतात. आख्यायिका ती आख्यायिकाच; परंतु या तीन आरंभांची चाल किती भिन्न आहे, हें पाहण्यासारखें आहे. 'कुमारसंभव' हिमालयाच्या वर्णनांत श्लोकामागून श्लोक सावकाश रमतें. 'मेघदूत' पहिल्याच श्लोकांत यक्षाचा प्रमाद, स्वामीचा शाप, वर्षाचा विरह आणि रामगिरि एवढें सर्व सांगून मोकळें होतें. 'रघुवंश' पार्वतीपरमेश्वरांस वंदन करून कवीच्या विनयानें पुढें सरकतो. एकाच कवीनें तीन विषयांस तीन दारें ठेविलीं. यावरून दिसतें कीं, घाई हा आरंभाचा गुण नव्हे आणि सावकाशपणा हा दोष नव्हे. विषयास काय शोभतें, तें पाहावयाचें.

भारवीची रीत आणखी निराळी. 'किरातार्जुनीया'स आरंभ होतो, तेव्हां द्यूत होऊन गेलें आहे व पांडव वनांत आहेत. ब्रह्मचाऱ्याच्या वेषांत गेलेला हेर दुर्योधनाच्या राज्याची वार्ता घेऊन द्वैतवनांत युधिष्ठिरापाशीं परत येतो. मागचें कांहीं न सांगतां कवि आपणांस थेट त्या भेटीपाशीं उभें करतो. हेरानें काय आणलें, हें ऐकल्यावांचून वाचकानें उठावें कसें?

'मुद्राराक्षसां'तील प्रस्तावना तर आम्हांस शिकवितांना दर वर्षीं नवी वाटे. सूत्रधाराच्या घरीं ग्रहणानिमित्त ब्राह्मणभोजनाची सिद्धता चालली आहे. सूत्रधार बोलतां बोलतां म्हणतो कीं, क्रूर ग्रह चंद्रास बळानें ग्रासूं पाहत आहे. तोंच पडद्यामागून गर्जना येते कीं, मी जिवंत असतां चंद्रास ग्रासूं पाहणारा हा कोण? तो चाणक्य असतो. त्याच्या कानीं 'चंद्र' शब्द चंद्रगुप्त होऊन पडलेला असतो. पति-पत्नींचें साधें घरगुती बोलणें चाललें असतां त्यांतूनच सबंध नाटकाचा विषय, नायकावरील संकट आणि त्याच्या रक्षकाचा स्वभाव प्रकट झाला. विशाखदत्तानें वाचकास चकित केलें खरें. परंतु जें चकित करणारें, तेंच नाटकाचें बीज होतें.

मराठींतहि उदाहरणें थोडीं नाहींत. 1897 सालीं रँडच्या वधानंतर सरकारनें पुण्यांत दडपशाही आरंभिली, तेव्हां टिळकांनीं 'केसरीं'त अग्रलेख लिहिला: 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय?' हा मथळा वाचून पुढील मजकूर न वाचणारा वाचक विरळाच. प्रश्न घराघरांत कुजबुजत होता. त्यांनीं तो मोठ्यानें विचारला, एवढेंच. हरिभाऊ आपट्यांनीं एका ब्राह्मण स्त्रीची कर्मकहाणी तिच्याच तोंडून वदविली आणि कादंबरीस नांव दिलें 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यांतील पहिला 'पण' आम्हांस फार मोलाचा वाटतो. कोणी बाई पुष्कळ वेळ सांगत आहे व कोणी ऐकत नाहीं, हें सर्व त्या दोन अक्षरांत आलें.

आपल्या घरगुती पत्रांचा मायनाहि विचार करण्यासारखा आहे. 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष' यांत लिहिणाऱ्याचें नातें व आदर व्यक्त होतो, आणि 'विशेष' शब्दाशीं येतांच वाचणारा सावध होतो. पुढें विशेष असें कांहीं नसेल, तर तो मायना वांयां गेला.

हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर याच्या उलट प्रकार दिसतो. 'पुढें जें घडलें तें वाचून थक्क व्हाल' अशा धर्तीचे मथळे रोज दृष्टीस पडतात. उघडून पाहावें तों आंत थक्क होण्यासारखें कांहीं नसतें. हेंहि आरंभाचें कौशल्यच, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें ती उधारी आहे. पहिलें वाक्य वाचकाकडून वेळ उसना घेतें. पुढच्या वाक्यांनीं तो फेडावयाचा असतो. दोनतीन वेळां जो बुडाला, तो त्या दुकानाची पायरी चढत नाहीं. चाणक्याची गर्जना आणि हे मथळे यांत भेद एवढाच कीं, तेथें गर्जनेमागें चाणक्य असतो.

आमच्या अनुभवांतल्या दोनतीन गोष्टी येथें सांगतों. पहिलें वाक्य पहिल्यानें लिहिलेंच पाहिजे, असें नाहीं. लेख पुरा झाल्यावर पहिला परिच्छेद हातानें झांकून दुसऱ्यापासून वाचावा. कांहीं उणें वाटलें नाहीं, तर तो काढून टाकावा. खरा आरंभ पुष्कळदां तेथेंच लपलेला असतो. दुसरें, लेख घरांतील कोणास मोठ्यानें वाचून दाखवावा आणि ऐकणाऱ्याचें लक्ष कोठें उडतें, तें पाहावें. तिसरें व मुख्य, आपण स्वतः काय पाहिलें, काय ऐकिलें, कशानें मन अस्वस्थ झालें, तें शोधून तेथूनच आरंभ करावा. व्याख्या मागून येऊं द्यावी. ती कोठें पळून जात नाहीं.

हें आम्हांस शिक्षकी करतांना कळावयास हवें होतें. त्या मुलाच्या वाक्यांत विषय होता, प्रयोजन होतें, आणि त्या विषयावर लिहिण्याचा अधिकार वर्गांत त्याच्याइतका कोणाचाच नव्हता. चारी अनुबंध आम्हांस तोंडपाठ. ते वहींत उभे असतां आम्हांस ओळखतां आले नाहींत.

परवां शेजारची एक मुलगी वही घेऊन आली. विषय तोच, पाणी. "आजोबा, सुरुवात सांगा ना." आम्हीं तिलाच विचारलें, "तुझ्या घरीं पाण्याचें काय झालें, तें सांग." ती म्हणाली, "दोन दिवस टँकर आला नाहीं, म्हणून आईनें भांडीं घासलेलें पाणी झाडांना घातलें." आम्ही म्हणालों, "हेंच लिही." तिनें पेन्सिल उचलली, पण क्षणभर थांबून विचारलें, "पण आमच्या बाई हें खोडतील ना?"

तिला आम्हीं काय सांगितलें, तें महत्त्वाचें नाहीं. ज्यांच्या हातीं आज तांबडी शाई आहे, त्यांनीं तिला उत्तर द्यावयाचें आहे.