शास्त्र आणि सातबारा

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जूचंद्र मागे पडले की कामण रोड हे लहानसे स्थानक लागते. उत्तरेला तुंगारेश्वराची गर्द डोंगररांग, तिच्याच सोबतीला कामणदुर्गाचा कडा, दक्षिणेला खाडीच्या भरतीने भिजणारी खारी जमीन आणि मधोमध चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरून रात्रंदिवस धूळ उडवीत जाणाऱ्या मालमोटारी, अशा चौकटीत बसलेल्या ह्या मौज्यात उभे राहून धर्मग्रंथांच्या अर्थविवेचनाचा विषय काढणे कोणाला विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ग्रंथ एकच असला तरी तो सोप्यात बसून वाचणाऱ्यास जे सांगतो तेच बांधावर उभे राहून वाचणाऱ्यास सांगतो असे नाही. आणि सृष्टीचे रक्षण व दुर्बलांना न्याय ह्या दोन दृष्टींनी धर्मवचने पुन्हा वाचण्याचा जो प्रयत्न गेल्या अर्धशतकात जगभर झाला, त्याची मराठी मुलखातील एक खरीखुरी शाखा ह्याच वसई तालुक्यात रुजली.

त्या प्रयत्नाला चालना मिळाली ती एका आरोपाने. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक निबंध लिहून पाश्चात्त्य जगाच्या निसर्गविध्वंसाचे मूळ थेट बायबलच्या पहिल्या अध्यायात दाखविले. मनुष्याने पृथ्वी व्यापावी आणि प्राणिमात्रावर सत्ता चालवावी अशी तेथे देवाची आज्ञा आहे. ती आज्ञा शिरोधार्य मानणाऱ्यांनी अरण्ये तोडली तर नवल ते काय, असा त्याचा रोख होता. आरोप झोंबणारा होता, पण तो निष्फळ ठरला नाही, कारण त्याने पंडितांना पुढचे पान उलटावयास लावले. दुसऱ्याच अध्यायात आदिपुरुषाला जो बाग मिळतो तो मालकीने नव्हे, तर मशागत आणि राखण ह्या दोन कामांसाठी मिळतो. पुढे मोशेच्या धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यावा, नगराला वेढा घालतानासुद्धा फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, कापणीच्या वेळी शेताच्या कडा गोरगरिबांसाठी आणि परक्यांसाठी तशाच सोडाव्यात, अशी कलमे आहेत. पन्नासाव्या वर्षाचे विधान तर कोणत्याही महसूल खात्याची झोप उडवील असे आहे: त्या वर्षी गहाण-विक्रीने गेलेली वडिलार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची, दास्यात पडलेला मोकळा व्हावयाचा, आणि ह्या सर्वाचे कारण एवढेच की जमिनीचा धनी देव आहे, माणसे केवळ तिच्यावर राहणारी कुळे. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढून पृथ्वीची हाक आणि दरिद्री माणसाची हाक ह्यांना वेगळे करता येत नाही असे बजावले, तेव्हा ते ह्या जुन्याच कलमांना उजाळा देत होते.

वसईने मात्र त्या परिपत्राची वाट पाहिली नव्हती. पश्चिम पट्ट्यातील केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या त्याची व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. वाडीच्या सखल भागात उतरत्या काठाचे एक तळे खोदलेले असे. त्यास येथे बावखल म्हणतात. पावसाळ्यात ते तुडुंब भरे, त्यातले पाणी भोवतालच्या वाळूत मुरे, मुरलेल्या गोड्या पाण्याच्या दाबाने समुद्राचे खारे पाणी मागे राही, आणि शेजारच्या विहिरीवरचा रहाट उन्हाळ्यातही फिरत राही. मुंबई वाढली, वसाहती उठू लागल्या, आणि विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून विकण्याचा धंदा भरभराटीस आला. उपसा वाढेल तसे खारे पाणी आत शिरले, बावखले भरावाखाली गेली, आणि जमिनीच्या व्यवहाराभोवती दहशतीची एक भिंत उभी राहिली. ह्या परिस्थितीत १९८८ साली हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली आणि तिच्या अग्रभागी एक कॅथलिक धर्मगुरू होते, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

दिब्रिटोंना पुष्कळ वाचक ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून, किंवा २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात. संपूर्ण बायबल आजच्या मराठीत आणणारे त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला अनुवादासाठीचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पण हा अनुवादक मोर्चाच्या अग्रभागी चालत होता, ही गोष्ट त्याच्या पांडित्याहून मला अधिक अर्थपूर्ण वाटते. ज्याने एका हाताने हरकतीचे अर्ज लिहिले त्याच्याच दुसऱ्या हाताखाली नाबोथाची कथा मराठीत उतरत होती! राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी हवा असतो. तो मोबदला देऊ करतो, बदली जमीनही देऊ करतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. मग राणी राजाच्या नावे मोहोरबंद पत्रे धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात, कायद्याचे सगळे सोपस्कार यथासांग पार पडतात, आणि नाबोथ दगडांखाली मरतो. ही कथा ऐकताना वसईच्या वाडीवाल्याला भाष्यकाराची गरज भासावयाची नाही. राजाच्या जागी कोणाला बसवावयाचे हे तो न सांगता जाणतो. घराला घर आणि शेताला शेत जोडीत जाऊन शेवटी सगळ्या मुलखात आपणच एकटे उरणाऱ्यांवर यशया संदेष्ट्याने जो कोप केला आहे, तोही त्याला काल सायंकाळी लिहिलेला वाटेल.

असे वाचन केवळ ख्रिस्ती ग्रंथांचेच होते असे समजण्याचे कारण नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्तात ऋषी पृथ्वीला म्हणतो की तुझे जे मी खणतो ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्मावर माझा घाव न बसो. खाणीचा परवाना देणाऱ्याने हा एक मंत्र जरी अर्थासह वाचला तरी पुष्कळ डोंगर वाचतील. दुर्दैवाने आपल्याकडे अशा वचनांचे भाग्य समारंभात संपते: तुकोबांचा वृक्षांविषयीचा एक अभंग प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर हटकून असतो, आणि फलकाखालचे रोप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हटकून नसते.

आता पुन्हा कामणकडे वळू. वाड्या राखण्याचा लढा पश्चिमेकडे झाला. पण पूर्वेकडील डोंगरांवर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांनी ह्याच सखल भागातून खाडीकडे धावतो, आणि त्याच्या वाटा बुजविल्या की काय होते हे जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याने कंबरभर पाण्यात उभे राहून पाहिले. त्या डोंगरांच्या पायथ्याशी जे वारली, मल्हार कोळी आणि कातकरी राहतात त्यांच्यापाशी ग्रंथ नाही, सातबाराही बहुधा नाही. त्यांचे शास्त्र वाघदेवाच्या रूपाने पाड्याच्या सीमेवर उभे असते: वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेली, शेंदूर माखलेली एक लाकडी वा दगडी फळी. वाघबारसेला तिची पूजा होते, आणि पट्टेरी वाघ ह्या रानातून नाहीसा होऊन मागे बिबट्याच उरला तरी पूजा खंडित झालेली नाही. ज्याच्या रानात आपण राहतो त्याची आधी परवानगी मागावी, ही तिच्यामागची भावना. मशागत आणि राखण ह्यांच्या त्या प्राचीन आज्ञेशी तिचे नाते दूरचे नाही.

ह्याच लोकांकडे पाहिले म्हणजे पन्नासाव्या वर्षाच्या विधानाला धार येते. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी वसई तालुक्याच्या पूर्व भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणसे सावकाराच्या दारी राबत राहिली, आणि त्यांना सोडविण्याच्या कामातूनच १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. जमिनीचे दुःख तर अजून संपलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासीने ग्रामसभेपुढे दावा दाखल करावयाचा, मग तो प्रांताच्या आणि जिल्हाधिकाऱ्याच्या समितीकडे जावयाचा. आणि कब्जाचा पुरावा म्हणून तो पुष्कळदा काय जोडतो, तर अतिक्रमण केल्याबद्दल जंगल खात्याने आजोबांना केलेल्या दंडाची जुनी पावती! ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरविले तोच कागद त्याला कूळ ठरवितो. एवढा उपरोध कोणा संदेष्ट्यालाही सुचला नसता.

रानाचा कैवार सरकारही घेते, हे मान्य केले पाहिजे. तुंगारेश्वराचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे रान २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि त्याच्या हद्दीतील एका आश्रमाची बांधकामे सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमावरून २०१९ च्या ऑगस्टात पाडण्यात आली. भाविकांना त्याचे दुःख झाले ते खरे होते. पण परमेश्वराचे रान परमेश्वराच्या नावानेही व्यापता येत नाही, हे कोणत्याही धर्माच्या शास्त्राला धरूनच आहे असे माझे मत आहे. त्याच न्यायाने, रान राखावयाचे म्हणून त्याच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकविणाऱ्यालाच प्रथम उठविणे हे मात्र शास्त्रालाही धरून नाही आणि कायद्यालाही नाही. हरित वसईचा लढा थोर होता, परंतु हिरवाईविषयी बोलणाऱ्यांच्या नावावर बहुधा वाडी असते आणि ती हिरवाई जगविणाऱ्या पाण्याच्या उगमाशी राहणाऱ्याच्या नावावर गुंठाही नसतो, ही तफावत पुढील पिढीच्या वाचनात आली पाहिजे.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांचे बायबल दुकानात मिळते, भूमिसूक्ताची मराठी भाषांतरेही मिळतात. न मिळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वनदाव्याच्या सुनावणीला पाड्यावरच्या माणसाबरोबर जाऊन बसणारा सुशिक्षित शेजारी. वसईच्या पाद्रीबुवांनी, कीर्तनकारांनी आणि त्यांच्या श्रोत्यांनी पुढील प्रवचनाची तारीख ठरविताना त्या सुनावणीची तारीखही विचारून घ्यावी.